धोंड्याच्या जेवणातलं आईस्क्रीम

जावई हा दहावा ग्रह म्हणतात, आणि अधिक महिन्यात तर तो थेट नारायणच होऊन बसतो. ग्रहही तोच आणि देवही तोच. मग बापड्या सासूनं शांत कुणाची करायची नि पूजा कुणाची? इस्लामपुरातल्या शकुंतलाबाईंना सकाळपासून हाच घोर लागला होता. जावई वीरधवल साताऱ्याहून निघाल्याचा फोन येऊन गेला होता. पुरणाचे धोंडे उकडून तयार होते, अनारसे डब्यात होते, वाणात द्यायचं चांदीचं निरांजन घासूनपुसून ठेवलं होतं. राहिलं होतं ते फक्त आईस्क्रीम.

खरं तर घोर आईस्क्रीमचा नव्हता, लेकीचा, अपेक्षाचा होता. महाशिवरात्रीला माहेरी आलेली लेक अजून सासरी गेली नव्हती. कारण विचारलं की "काय न्हाई, आले सहज," एवढंच. सहज आलेलं माणूस आठवडाभर राहतं. उन्हाळा उलटेपर्यंत राहिलं की गल्लीला तोंड फुटतं. शेवटी शकुंतलाबाईंनी धोंड्याचं निमित्त साधून जावयाला स्वतः फोन लावला. तो म्हणाला, "येतो मामी. तिला तयार ठेवा." त्या रात्री बाईंना कितीतरी दिवसांनी झोप लागली. आज सगळं गोडीगुलाबीनं पार पडलं की पोर त्याच्या गाडीत बसून जाणार होती. आणि कुठं खुट्ट झालं, पाहुणा रुसून पाटावरून उठला, तर तो एकटाच परत जाणार आणि पोर कायमची घरात बसणार, हे त्यांच्या मनानं पक्कं घेतलं होतं.

वीरधवलला आंब्याचं आईस्क्रीम म्हणजे जीव की प्राण. ते काय दुकानात मिळत नव्हतं? पण बाईंना सासूच्या हातचं खाऊ घालायचं होतं. म्हणून विजेवर चालणारं आईस्क्रीमचं यंत्र त्यांनी अपेक्षाकडून मोबाईलवर मागवून घेतलं. यंत्र तसं साधं. जाड भिंतीचं एक भांडं, त्या भिंतीच्या पोटात कसलंसं पाणी भरलेलं. भांडं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून दगडासारखं गोठवायचं, मग त्यात आटवलेलं दूध, साय नि आमरस ओतून बटण दाबायचं. आतलं पातं फिरत राहतं आणि अर्ध्या तासात आईस्क्रीम तयार. बाईंनी आदल्या संध्याकाळीच भांडं फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. "हिकडं कुणी हात लावायचा न्हाई," अशी घरात ताकीदही दिली होती.

वीरधवल आला. पांढरा शर्ट, मनगटावर जाड घड्याळ, वागणं एकदम अदबीचं. सासऱ्यांच्या पाया पडला, सासूच्या पाया पडला. दादासोंनी त्याला पंख्याखाली बसवलं. दादासो म्हणजे शकुंतलाबाईंचे यजमान. साखर कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म काढलेला, कमी बोलणारा माणूस. अपेक्षा पाण्याचा तांब्या ठेवून लगबगीनं आत आली. नवराबायको एकमेकांशी काही बोलले नाहीत. लाजत असतील, अशी बाईंनी मनाची समजूत घातली आणि यंत्राचं बटण दाबलं.

यंत्र घरघरू लागलं. बाई पोळ्या लाटत होत्या, पण डोळा त्या भांड्यावर. दूध फिरत होतं. पोळ्या झाल्या, ताटं पुसून झाली, तरी दूध फिरतच होतं. बाईंनी यंत्र थांबवून चमचा बुडवून पाहिला. गारढोण सोडाच, धड थंडही नाही. त्यांनी भांडं धरून जरा हलवलं. भिंतीच्या पोटात पाणी डुचमळलं.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. गोठलेल्या भांड्यात पाणी डुचमळेल कसं?

"अपे, ह्ये भांडं कुणी भायेर काढल्यालं का गं?"

"न्हाई आई. मी फ्रिज उघडलाच न्हाई सकाळपासनं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुकानातून एक डबा आणला असता तर काय बिघडलं असतं? बाईंनी पुन्हा बटण दाबलं. देवाचं नाव घेतलं. पातं फिरत राहिलं आणि पिवळं दूध त्यांना वेडावत राहिलं.

"मामी, कवापासनं घरघर चाललीय? पीठ दळताय का काय?" बाहेरून वीरधवल हसत म्हणाला आणि हसतहसतच स्वयंपाकघरात आला. त्यानं भांड्यात डोकावून पाहिलं. "हे तर नुसतं दूध हाय."

"व्हतंय, व्हतंय. बसा तुमी, जावईबापू," बाई म्हणाल्या.

पण वीरधवल त्यांच्याकडं बघतच नव्हता. तो अपेक्षाकडं वळला होता. आवाज चढला नाही. उलट खाली आला.

"एक भांडं गोठवायचं होतं. तेवढंपण नाही?"

"चुकलं माझं," अपेक्षा म्हणाली. लगेच. त्याचं वाक्य पुरतं संपायच्या आधी. "परत न्हाई व्हनार."

खोटं कशाला बोलायचं, शकुंतलाबाईंना पहिल्यांदा हायसंच वाटलं. पाहुण्याचा राग आपल्यावर आला नाही, लेकीवर निभावलं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं, निघू दे. नवराबायकोचं ते बघून घेतील. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की पोरीनं त्या भांड्याला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

तेवढ्यात दादासो दारात येऊन उभे राहिले.

"पाव्हणं, तिचं काय न्हाई त्यात," ते म्हणाले. "फ्रिज म्याच बंद केल्ता रातच्याला. रोज करतुय. मशिनीलाबी इसावा लागतुय. हंगाम सपला का कारखान्यातला चरकसुदीक आमी थंड करायचो. पहाटं चालू केला परत."

एरवी बाईंनी नवऱ्याला तिथंच उभं-आडवं घेतलं असतं. आज त्या जावयाचं तोंड बघत राहिल्या.

वीरधवल खदखदून हसला. "मामा! तुमीपण राव! फ्रिजला इसावा? असू द्या वो, होतंय असं." आणि सासऱ्यांच्या पाठीवर हात ठेवून तो बाहेर निघाला. अपेक्षाकडं त्यानं वळूनही पाहिलं नाही.

भांडं तेच. दूध तेच. चूक तर अगदी कबूल केलेली. चूक बापाची निघाली तर हसण्यावारी आणि लेकीची वाटली तर तो खालचा आवाज. शकुंतलाबाईंनी लेकीकडं पाहिलं. नवरा हसला म्हणून तीही जरा हसत होती.

गेले तीन महिने ही पोर घरात "चुकलं" म्हणत हिंडत होती. दूध उतू गेलं, चुकलं. लाईट गेली, चुकलं. शेजारच्याचं फाटक आपटलं तरी दचकून चुकलं. आणि शकुंतलाबाई ते ऐकून सुखावल्या होत्या! लग्नाआधी ही एका शब्दाला चार शब्द देणारी. सासरी जाऊन पोर नमती झाली, वळण लागलं, असं त्यांनी गल्लीत चार बायकांना अभिमानानं सांगितलं होतं. त्यांना स्वतःची चीड आली. अशी चीड त्यांना आजवर कुणाची आली नव्हती.

यंत्र बंद करून त्यांनी ताटं वाढली. आलेल्या जावयाला उपाशी धाडायची रीत त्यांच्या घरात नव्हती. धोंडे वाढले, वर तुपाची धार धरली. जेवण झाल्यावर कुंकू लावून ओवाळलं, वाण हातात दिलं. वीरधवल समाधानानं उठला.

"चल, आवर," तो अपेक्षाला म्हणाला.

"हो."

"अपे," शकुंतलाबाई म्हणाल्या, "तुला जायाचंय का?"

साधा प्रश्न होता. अपेक्षानं उत्तर द्यायच्या आधी नवऱ्याकडं पाहिलं.

"ती न्हाई येनार, जावईबापू," बाई म्हणाल्या.

"मामी, तुमीच बोलावलं मला."

"व्हय. माझं चुकलं."

वीरधवल सासऱ्यांकडं वळला. "मामा, तुमी सांगा काहीतरी."

दादासो जागचे उठले. त्यांनी वाणाची पिशवी उचलली आणि जावयाच्या गाडीत नेऊन ठेवली. त्यांचं सांगून झालं होतं.

दार आपटून गाडी निघून गेली. अपेक्षा उंबऱ्यातच मटकन खाली बसली, आणि तिला हुंदका फुटला.

"चुकलं माझं, आई. चुकलं."

शकुंतलाबाई तिच्याजवळ बसल्या. "काय चुकलं? सांग मला. एक तरी सांग."

अपेक्षानं डोळे पुसले. तोंड उघडलं. ती खूप वेळ आठवत राहिली.

"म्हाईत न्हाई," ती म्हणाली.