देरामनचे मासे

माझा थोरला भाऊ, माझा आबांग, देरामन पाण्यात उतरला, की आमच्या होडीत कुणी खोकतसुद्धा नाही. इंजिन बंद, तोंडं बंद. एका हाताने होडीची कड धरून तो डोकं पाण्याखाली घालतो आणि मासे ऐकतो. गेलामा हा सतत कुरकुरणारा मासा. थवा केवढा, कुठल्या अंगाला, हे देरामन नुसत्या आवाजावरून ओळखायचा. त्याने बोट दाखवायचं, आम्ही जाळं टाकायचं. ज्याला शंका असेल त्याने स्वतः पाण्यात उतरावं, असा आमच्याकडे रिवाज. तीस वर्षांत कुणी उतरलं नव्हतं.

या मोसमात मात्र ओळीने नऊ जाळी रिकामी आली. मी त्याला क्वाला तेरेंगानू शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, बुड्या मारून मारून कान गेलेत, बारीक आवाज आत पोचतच नाहीत. पण मेंदूला त्या आवाजाची सवय. कानाकडून काही आलं नाही, की तो आपल्या मनचंच ऐकवत बसतो. देरामन हसला. म्हणाला, या माणसाने मासा फक्त ताटात पाहिलाय. परतताना बसमध्ये मात्र त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"मला इथेही ऐकू येतायत रे. कुणाला सांगू नकोस."

मी नाही सांगितलं. सांगून करणार काय होतो?

होडीचा मालक सेनिक. आज जाळं रिकामं आलं तर उद्यापासून दुसरा ऐकणारा, असं त्याने दुसऱ्या दिवशी सकाळीच बजावलं. देरामन उतरला आणि खुशीत दक्षिणेकडे बोट दाखवलं. जाळ्याला कुणी हात लावेना. सगळे माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मीच उतरलो.

पाण्याखाली काही नव्हतं. छाती फुटेस्तोवर ऐकलं, पण माझ्याच काळजाची धडधड तेवढी. वर आलो तर देरामन माझ्या तोंडाकडे टक लावून होता. एवढं घाबरलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"आहेत ना?"

"आहेत, आबांग. पुष्कळ आहेत."

जाळ्यात आली एक जुनी चप्पल. सेनिक ओरडला नाही. उद्यापासून तुम्ही दोघंही घरी बसा, एवढंच म्हणाला.

संध्याकाळी वाटलं, देरामन जेवणार नाही. पण गडी मजेत भात कालवत होता. तू ऐकलेस म्हणजे माझे कान शाबूत आहेत, मासे निसटले त्याला कोण काय करणार, असं त्याचं चाललं होतं. आता सेनिकची मिजास नको. वहिनीच्या सोन्याच्या बांगड्या मोडायच्या आणि स्वतःची होडी घ्यायची. नको म्हणायला तोंड उघडलं, पण म्हणणार कुठल्या तोंडाने?

एकाएकी त्याचा घास हातातच राहिला. मान कलली, चेहरा उजळला.

"ते बघ. मोठा थवा आहे. ऐकलंस?"

समोर बसलेल्या वहिनीची एक बांगडी मनगटाशी अर्धी उतरली होती. तीही थांबून माझ्याकडे बघू लागली.

"ऐकलं," मी म्हणालो.