विगच्या दुकानातला फोन

आमच्या ह्यांच्या तोंडून एक शब्द काढायचा म्हणजे नाकी नऊ येतात. विगचं दुकान चालवायला असाच माणूस हवा म्हणा. गिऱ्हाईक मागच्या दाराने येतं, खुर्चीभोवती पडदा ओढला जातो, आणि तेच गिऱ्हाईक रस्त्यात समोर आलं तर आम्ही दोघं दुसरीकडे बघत पुढे जातो. कोणाच्या डोक्यावरचं काम आमच्या हातचं, हे ह्यांनी सख्ख्या बहिणीलाही कधी सांगितलं नाही. बिचारी विचारून विचारून थकली.

आणि हाच माणूस फोनला सगळं सांगून बसला!

झालं काय, नातवाचे फोटो बघायचे म्हणून ह्यांनी एक नवीन ॲप घेतलं. ॲपने विचारलं, तुमच्या फोनमधले नंबर बघू का? होय. तुमच्या ओळखीच्यांना कळवू का? होय. आमच्या धंद्यात उलट प्रश्न विचारायचा नसतो, समोरचा म्हणेल त्याला मान डोलवायची, ती सवय इथे नडली. मी शेजारीच जाळीवर एकेक केस आकड्याने ओढून गाठ मारत बसले होते, पण मला कशाला पत्ता? दुपारपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनवर आमच्या दुकानाचा फोटो, आणि त्याखाली 'यांनाही तुम्ही ओळखत असाल' म्हणून बाकीच्या गिऱ्हाइकांचे हसरे चेहरे. नावांसकट!

सगळ्यात आधी आल्या त्या शाळेतल्या बाई. आजारपणात त्यांचे केस गेले. शाळेत कोणालाही कळता कामा नये, ही त्यांची एकच अट होती, आणि आम्ही ती पाळतो म्हणूनच त्या इतकी वर्षं आमच्याकडे येत होत्या. नवीन विग अर्धा झाला होता. तो आहे तसा द्या, मी दुसरीकडे पुरा करून घेईन, म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. बाईंच्याच शाळेचे हेडमास्तर! तेही आमचेच गिऱ्हाईक, आणि आलेलेही तीच तक्रार घेऊन. पडदा ओढायचंसुद्धा मला सुचलं नाही. दोघं एकमेकांच्या डोक्याकडे बघत नुसते उभे. मग बाईंना हसू फुटलं. मैदानावर वारा सुटला की सगळ्यांचे केस उडतात, सरांचा भांग तेवढा जागचा हलत नाही, त्याचा उलगडा आज झाला म्हणाल्या. सरही ओशाळून हसले. तुमचे तर मला खरेच वाटत होते, म्हणाले.

ह्यांचा जीव भांड्यात पडला आणि नको तेव्हा वाचा फुटली. "चला, म्हणजे झालं ते बरंच झालं."

बाईंचं हसू गेलं. "बरं झालं की नाही ते मी ठरवणार. सरांना मी कधीतरी सांगितलंही असतं. पण सांगायचं ते मी, तुमच्या फोनने नाही."

ह्यांचा चेहरा खाडकन उतरला. मी तोंडसुख घेणारच होते, पण बाईंनी माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

सरांनी ह्यांचा फोन हातात घेतला, दिलेल्या परवानग्या बंद केल्या, ॲप काढून टाकलं. पण जे बाहेर गेलं ते गेलंच होतं. मग एकेका गिऱ्हाइकाला फोन करून माफी मागतो, असं ह्यांनी आपणहून ठरवलं आणि तिथल्या तिथे पहिला नंबर लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, तोही असा खणखणीत की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. ते अंघोळीला गेलेत, मी त्यांची बायको, काय काम होतं, कोण बोलतंय?

ह्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं.

"चुकून लागला, ताई," म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

हेडमास्तरांनी खोकल्याचं निमित्त करून हसून घेतलं. बाई हसल्या नाहीत. त्या खुर्चीत जाऊन बसल्या, डोक्यावरचा जुना विग स्वतःच उतरवून माझ्या हातात दिला, आणि नवीन कुठवर आलाय ते जरा घालून बघू द्या, म्हणाल्या.