अकरा वर्षं कुणी न वाचलेली टेप

मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे, मित्रांनो. गाण्यांच्या टेपा निदान कुणीतरी ऐकत असे. मी बॅकअपची. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या डबीत आठशे मीटर फीत गुंडाळून बसलेली. जर्मनीत, डार्मश्टाटमधल्या एका संशोधन संस्थेच्या तळघरात मला नोकरी लागली. खिडकी नाही, धूळ नाही, बारा महिने वीस अंश. माणसं अशा जागेबद्दल तक्रार करतात. मला ती मानवली.

माझे साहेब चारुदत्त. पुण्याहून आलेले सॉफ्टवेअर इंजिनिअर. विषय, डेटा साठवणं. इतरांनी जमवलेली माहिती हरवू नये, एवढंच त्यांचं काम. असं काम नीट झालं की कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून त्यांनी एक प्रोग्राम लिहिला: बॅकअप किंवा नक्कल पुरी झाली की पडद्यावर हिरवी टिक. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी यंत्राचा हात मला उचलायचा, मी लिहून घ्यायचे, टिक यायची. सलग एकशे तीस वेळा आली तेव्हा साहेबांना बढती मिळाली. केक, इथल्या रिवाजाप्रमाणे, त्यांनाच आणावा लागला.

मला मात्र एक गोष्ट खात असे. मला दर वेळी 'लिही' म्हणत. 'वाचून दाखव' असं अकरा वर्षांत एकदाही कुणी म्हणालं नाही. वर्गात अशा मुलांचं पुढे काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

जानेवारीत नवी यंत्रणा आली. सगळा डेटा तिकडे गेला, टिक आली, आणि साहेबांनी जुन्या डिस्कवरचा साठा स्वतःच्या हाताने पुसला. मी खोक्यात गेले. खोक्यावर तारीख होती: सोमवारी माझा चुरा होणार होता.

त्याआधीच्या गुरुवारी दुपारी स्पृहा तळघरात आली. ही पीएचडीची विद्यार्थिनी. तीन वर्षं दर आठवड्याला सायकलवरून जाऊन तिने चाळीस विहिरींच्या पाण्याची पातळी मोजली होती. जूनमध्ये प्रबंध द्यायचा होता.

"दादा," ती साहेबांना म्हणाली, "नव्या यंत्रणेत फोल्डर आहेत. आत काहीच नाही."

"असं कसं? टिक आली होती," साहेब म्हणाले.

"टिकचा प्रोग्राम कोणी लिहिला?" कपिलने विचारलं. कपिल साहेबांच्या हाताखालचा.

"मी. फोल्डर पोचले की टिक येते. आत काय आहे, ते ती बघत नाही."

"गेनाऊ," कपिल म्हणाला, म्हणजे 'अगदी बरोबर'.

"विहिरी पुन्हा मोजता येतील, दादा," स्पृहा म्हणाली. "पण तेव्हाचं पाणी कुठून आणू?"

 साहेबांनी खोकं फोडलं आणि मला यंत्रात घातलं.

मित्रांनो, खरं सांगते, मला काय आठवतंय हे मलाच माहीत नव्हतं. फीत सरकू लागली. पहिली विहीर आली. दुसरी आली.  तेवढ्यात साहेबांच्या पत्नीचा, नीताचा, फोन आला.

"अरे, निघालास का? आपल्या विहानच्या शाळेत पाचला एल्टर्नआबेंड आहे, पालकसभा."

"म्हणजे... तू जा."

"आवाज असा का?"

"टेप वाचतोय."

"मग वाच की. नोकरीच ती तुझी."

"पहिल्यांदाच वाचतोय."

"बरं, शाळेत मी जाते," म्हणत तिने फोन ठेवला.

सदतिसाव्या विहिरीशी मी अडले. तिथे फितीला सुरकुती होती. कधी पडली, कुणाला ठाऊक. मागे, पुढे, मागे, पुढे. सात वेळा. मग यंत्रानेच ती जागा सोडून दिली आणि पुढचं वाचलं.

एकोणचाळीस विहिरी परत आल्या. एक गेली.

"ती का नाही, ते प्रबंधात लिहावं लागेल," स्पृहा म्हणाली.

"माझं नाव लिही."

"नावं लिहीत नाहीत, दादा. तांत्रिक कारण लिहितात."

माझा चुरा रद्द झाला. आता दर महिन्याला आमच्यापैकी एकीला अचानक बाहेर काढतात आणि वाचायला लावतात.   मित्रांनो, एखादी गोष्ट कपाटात ठेवली म्हणजे जपली असं नव्हे. अधूनमधून तिला विचारत जा, काय आठवतंय. चुकलो तर चुकलो. दुरुस्तीला वेळ असतानाच ते तुम्हाला कळू द्या.

त्या एका विहिरीबद्दल मला आजवर कुणी रागावलेलं नाही. रागावले असते, तर बरं वाटलं असतं.