धुरपताबाईच्या पोटातला सांधा

मी एक जुना सांधा आहे, पण लाकडाचा किंवा लोखंडाचा नाही. मी डोळ्यांना न दिसणारे एक प्रथिन आहे. धुरपताबाईच्या जठराच्या अस्तरात पेशीला पेशी धरून ठेवणे, हे माझे काम. फुगडी खेळताना मुली एकमेकींचे हात धरतात ना, तसे. पेशी झडतात, नव्या येतात, आम्हीही नव्याने घडतो. काम मात्र तेच, म्हणून मी स्वतःला जुना म्हणतो.

मित्रांनो, धुरपताबाईचे घर पोखर्णीच्या वाटेवरच्या एका खेड्यात. ठेचा, भाकरी, शिळे कोरड्यास, सगळे आम्ही सोसले. अस्तर हलू दिले नाही. आमचे कौतुक कुणी केले नाही, पण धरून ठेवणाऱ्याला कोण विचारतो!

मग एका पेशीत आम्हाला घडवण्याचा हुकूमच बिघडला. तिथे आम्ही घडलो नाही आणि हात सुटला. ती पेशी वाढत गेली. तिच्या लेकीही सुट्याच निघाल्या आणि एकेक करून जठराच्या भिंतीत शिरल्या. हाताला लागेल अशी गाठ झाली नाही. भिंत मात्र ताठ झाली. चतकोर भाकरीतच धुरपताबाईचे पोट गच्च होऊ लागले.

ती पोखर्णीच्या नरसिंहाचा शनिवार धरायची. घास जाईना, तेव्हा तिने सोमवार धरला, मग गुरुवारही. उपास म्हटले की कुणी पुढे विचारत नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात गाड्या बंद होत्या, तरी ती उपाशीपोटी चालत पोखर्णीला जाऊन आली.

"धुरपताबाईचं उपासाचं बळ लय मोठं हाय," शेजारची दगडाबाई म्हणाली. ते ऐकून धुरपताबाईचे यजमान व्यंकटराव सुखावले. अरे, हे बळ नव्हे, असे मला ओरडून सांगायचे होते. पण मला तोंड कुठे?

दिवाळीला लेक मनकर्णा माहेरी आली. आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकताना तिने पाहिल्या.

"आई, उपास सोड. माझ्यासमोर अर्धी भाकर खा."

धुरपताबाईने दोन घास घेतले आणि ती ओकली. "उपास न्हाई गं बाई," ती रडू लागली. "खालीच उतरना."

परभणीच्या डॉक्टरांनी तिला मोठ्या दवाखान्यात पाठवले. तिथे कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. "इतके दिवस काय करत होतात?" तिथल्या डॉक्टरांनी विचारले.

व्यंकटराव खाली बघत म्हणाले, "आमी तिच्या उपासाचं कौतुक करायलो होतो, साहेब."

आता धुरपताबाई घरीच अंथरुणावर आहे. आमच्यातले थोडेच अजून धरून आहेत. मला फार वाईट वाटते. मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचे ताट रोज अर्धे राहत असेल, तर त्याला व्रत म्हणू नका. जवळ बसून विचारा.

काल मनकर्णा वडिलांना म्हणाली, "दादा, आईसाठी मी बी शनिवार धरते."

व्यंकटराव चुलीपाशी गेले. त्यांनी स्वतः ताट वाढले आणि तिच्यासमोर ठेवले. "तू जेव," ते म्हणाले. मनकर्णा रडत रडत जेवली. शेवटचा घास पोटात जाईपर्यंत ते तिथून उठले नाहीत. अंथरुणावरून धुरपताबाई त्या रिकाम्या ताटाकडे बघत राहिली. तिच्या ताटाजवळ व्यंकटराव असे कधी बसले नव्हते.