सव्वा मूठ गहू

"दक्षिण आफ्रिका?" असं विचारत प्रेमराजने चेंडू गोठ्याच्या भिंतीवर जोरात मारला.

उसळून आलेला चेंडू दिपमालाने डावीकडे झेपावत ग्लोव्हजमध्ये घेतला. "ओपनिंग जबरदस्त, फास्ट बोलिंग भारी. कमजोरी म्हणजे संथ विकेटवरची फिरकी."

"श्रीलंका?"

"कॅप्टन आउट झाली, की अर्धी मॅच संपली."

"ऑस्ट्रेलिया?"

"शेवटपर्यंत बॅटिंग. सात आउट झाल्या तरी आठवी येते आणि मॅच काढून देते."

"कमजोरी?"

"सापडली की सांगते."

प्रेमराजला हसू आलं. अमळनेरच्या डेपोत तो मेकॅनिक होता. डबा खाताना मोबाइलवर बायकांच्या मॅच बघतो म्हणून तिथले लोक त्याची टर उडवायचे, पण त्याने ते कधी मनावर घेतलं नाही. पोरगी विकेटकीपर होती. विकेटकीपरला समोरच्या संघाचं बलाबल तोंडपाठ पाहिजे, असं त्याचं म्हणणं. गावातल्या मुलांच्या टीममध्ये तिला त्यानेच भांडून घुसवलं होतं. आता राज्याच्या एकोणीस वर्षांखालच्या शिबिरासाठी तिचं नाव निघालं होतं. मंगळवारी पुण्यात हजर व्हायचं होतं. संघ त्या शिबिरातूनच निवडला जाणार होता आणि पुढच्या वर्षी दिपमाला वयात बसणार नव्हती.

"आपली?" त्याने विचारलं.

"आपण तर वर्ल्ड कप जिंकलोय, पप्पा!"

"जिंकलो म्हणून कमजोरी जाते का?"

ती उत्तर देणार तेवढ्यात फाटक वाजलं. प्रेमराजचे थोरले भाऊ नवल आत आले. दिपमालाने ग्लोव्हज काढून पाठीमागे धरले. नवलभाऊ खाटेवर बसले, पाणी प्याले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"प्रेमराज, मंगळवारे पाचोराना पाव्हना येनार शेतस. पोरले देखाले. चांगलं घर शे."

"भाऊ, मंगळवारी तिचं पुणं..."

"पुनाले जावानी आते काय गरज शे? लगीननंतर सासरना लोके हा म्हननात ते खेयी." नवलभाऊंचा आवाज चढलेला नव्हता. तो कधी चढतच नसे. "तुनं काय म्हननं शे, बोल."

चुलीपाशी बसलेल्या रत्नाने, प्रेमराजच्या बायकोने, भाकरी थापायचं थांबवलं. दिपमाला बापाकडे बघत होती.

वडील गेले तेव्हा प्रेमराज सहावीत होता. नवलभाऊंनी शाळा सोडून औत धरलं आणि धाकट्याला आयटीआयपर्यंत शिकवलं. त्या माणसासमोर आजवर त्याच्या तोंडून 'नाही' निघालं नव्हतं.

"तुम्ही म्हणाल तसं, भाऊ."

नवलभाऊ उठून गेले. चुलीवरची भाकरी करपली. रत्नाने ती उतरवून बाजूला ठेवली.

संध्याकाळी दिपमाला ओट्यावर बसून ग्लोव्हज पुसत होती. प्रेमराज शेजारी येऊन बसला. त्याने मघाचाच प्रश्न विचारला.

"आपली कमजोरी राहिली सांगायची."

"कॅच," ती म्हणाली. "अवघड कॅच उड्या मारून घेतात. पण ऐन मोक्याला सोपा कॅच येतो, सगळं मैदान बघत असतं, आणि तेव्हा हातातला सुटतो."

ती ग्लोव्हज घेऊन आत गेली. प्रेमराज तिथेच बसून राहिला. जेवायला बोलावलं तेव्हा भूक नाही म्हणाला, आणि ते खरंच होतं.

रविवारी घरात कानबाई, कुळाची देवी, बसायची होती. त्याआधी सकाळी तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजायला सगळे जमले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू. ज्याच्या नावाची मूठ पडली तो त्या कुळाचा, मग तो घरी असो नाहीतर परमुलखात. प्रेमराजची आई सुंदरबाई नव्या टोपलीपुढे पाट घेऊन बसली होती. पाठ वाकली होती, पण हा मान तिने अजून सुनांकडे दिला नव्हता.

नवलभाऊंनी आपली मूठ टाकली, वर पाव मूठ टाकली. मग मुलाच्या, स्वप्नीलच्या नावाची टाकली. स्वप्नील सुरतेला होता आणि चार वर्षांत रोट खायला एकदाही फिरकला नव्हता. प्रेमराजने आपली मूठ टाकली.

"झायं बठ्ठासनं," म्हणत सुंदरबाईने टोपलीवर झाकायला फडकं उचललं.

"थांब, माय."

प्रेमराजने पोत्यात पुन्हा हात घातला. हात भरून वर काढला आणि टोपलीवर धरला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"हाई कोनी मूठ?" नवलभाऊंनी विचारलं.

"दिपमालाची."

"पोरीसनी मूठ नही लेतस."

"माहीत आहे, भाऊ. ती मंगळवारी पुण्याला जाईल. पाव्हण्यांना मी स्वतः पाचोऱ्याला जाऊन सांगतो. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला."

भरल्या मुठीच्या फटींतून गहू निसटायला लागले. पहिले दाणे टोपलीत पडले.

नवलभाऊंनी आईकडे बघितलं. "माय, काढ त्या दाना."

सुंदरबाई टोपलीत वाकली. आधीच्या गव्हात पडलेले दाणे तिने निरखून बघितले. मग फडकं मांडीवर ठेवलं.

"कानबाईना नावनं धान्य शे, नवल. पडनं ते पडनं. मन्हाकडथीन नही निंघाव." आणि प्रेमराजकडे न बघता म्हणाली, "सव्वा मूठ रहास. पुरी टाक."

नवलभाऊ उठले. चपला शोधायला त्यांना वेळ लागला. फाटकापाशी ते क्षणभर थांबले, पण मागे वळले नाहीत. प्रेमराजने त्यांच्या पाठीकडे बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. वडिलांसारखा माणूस आपण दुखावला, हे त्याला लख्ख कळत होतं. त्याने मूठ मोकळी केली.

मग पाव मूठ घेतली. या वेळी हात इतका थरथरत होता की दाणे टोपलीच्या काठावर आदळून बाहेर उडाले.

दिपमालाने पुढे होऊन काठाखाली ओंजळ धरली. एकही दाणा जमिनीवर पडला नाही.