दार नसलेल्या घरातली काचपेटी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची पेटी आहे, माशांची. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे. पोटात पाणी, थोडी वाळू, हिरवी पानं आणि एकुलता एक मासा आहे. शनिशिंगणापुरात कडूबाईंच्या पुढच्या खोलीत मी राहते. गावच्या रीतीप्रमाणे आमच्या घराला दार नाही, नुसता पडदा आहे. चोरांचं मला माहीत नाही, पण अशा घरात सल्ले मात्र न विचारता आत येतात.

नगरच्या एका लहानशा गाळ्यात काचा जोडून मला घडवलं. पहिल्यांदा पाणी भरलं आणि थेंबभरही गळलं नाही, तेव्हा मला आपलाच केवढा अभिमान वाटला! कडूबाईंनी भाचीसाठी मला घरी आणलं. दिशा ही त्यांच्या भावाची मुलगी. ती लहानपणापासून शाळेसाठी आत्याकडेच वाढली. माझ्यात सोनेरी मासे आले आणि टपोऱ्या डोळ्यांचा एक गुबगुबीत काळाही आला. दिशानं त्याचं नाव वांगं ठेवलं. शाळेतून आली की दप्तर फेकून ती आधी माझ्या काचेला नाक लावायची.

मग ती नर्सिंग शिकायला पुण्याला गेली. जाताना म्हणाली, "आत्या, मी दिवाळीला येईन. तोवर माझं वांगं सांभाळ हं."

कडूबाईंना आपलं मूलबाळ नाही, नवराही नाही. दिशा गेली आणि घर त्यांना खायला उठलं. मग एक दिवस दर्शनाला आलेलं कुणाचं तरी पोर मासे बघायला आत शिरलं. कडूबाईंनी खाद्याचा डबा पुढे केला, "टाक की दोन दानं!" पोरामागून आई आली, पाणी प्यायली, घटकाभर बोलून गेली. त्या दिवशी कडूबाईंचा चेहरा उजळलेला मी पाहिला.

झालं! आल्यागेल्याला चहा आणि आल्यागेल्याच्या हातून माशांना दाणे, अशी घराची रीतच पडली. शेजारचा सहादेव तर दिवसातून चार चकरा मारी. मासे काचेशी येऊन आ वासत. कडूबाई हळहळत, "लई भुकेजल्यात बाई." अन्नाला नाही म्हणायचं माशांना कुठे ठाऊक असतं? लोक माझं कौतुक करत आणि मीही फुशारून जाई.

पण मासे मरू लागले. आधी एक सोनेरी, मग दुसरा. कडूबाई घाबरल्या. भेटेल त्याला विचारू लागल्या आणि सांगणाऱ्यांना तर तोटाच नव्हता. सहादेव मोबाईल नाचवत म्हणाला, "व्हिडिओत सांगितलंय, मीठ टाका." मीठ पडलं. चौकातल्या दुकानवाल्या राधाकृष्णानं माशांचं निळं औषध दिलं, तेही पडलं. मी निळीशार झाले. शेवटी कडूबाईंनी, सणाला घर धुवावं तसं, मला वाळूसकट साबणानं लख्ख धुतलं आणि सगळं पाणी नवं भरलं. इतकी मी कधीच चकाकले नव्हते. दुसऱ्या दिवशी शेवटचा सोनेरी मासा आडवा तरंगत होता.

उरलं फक्त वांगं. फोनवर दिशा विचारायची, "वांगं कसंय?" कडूबाई म्हणायच्या, "मजेत हाय." फोन ठेवून कितीतरी वेळ माझ्यासमोर बसून राहायच्या.

एका शनिवारी संगमनेरच्या जयमालाबाई पाणी मागायला आत आल्या. त्यांच्या घरी कितीतरी वर्षं मासे आहेत. त्या माझ्यासमोर वाकल्या. पण सल्ला दिला नाही, त्यांनी विचारलं. पाणी कुठलं? कधी बदलता? झाडं का नाहीत? आणि मग, "खायला कोण घालतं?"

"आलं गेलं समदंच घालत्यात," कडूबाई कौतुकानं म्हणाल्या.

जयमालाबाई कडूबाईंजवळ येऊन बसल्या. "ताई, रागावू नका. तुमचे मासे उपाशी नाही मेले, पाहुणचारानं मेले. उरलेलं खाणं तळाशी कुजतं. पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण आतून विषारी होतं."

मग त्यांनी नीट समजावलं. सकाळी एक चिमूट खाणं, तेही एकाच हातानं. पाणी एकदम सगळं नाही, आठवड्याला पाव हिस्साच बदलायचं. साबण तर अजिबात लावायचा नाही. नळाचं पाणी आदल्या दिवशीच बादलीत काढून ठेवायचं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. वाळूत हिरवी झाडं लावायची.

"तुमाला कसं कळलं वो हे?"

"माझेही मेलेच की! मग ज्यांच्या घरचे मासे वर्षानुवर्षं जगलेत, त्यांना विचारलं, पुस्तकं वाचली. सांगणारे पुष्कळ असतात ताई. जो आधी विचारतो, त्याचं ऐकावं."

दुसऱ्या दिवशी सहादेवचा हात डब्याकडे गेला. कडूबाईंनी डबा पदराखाली घेतला.

"नगं, सहादेव."

"आवं, दोन दान्यांनी काय हुतंय?"

"त्यानंच समदं गेलं. आता येवढं एकच हाय."

सहादेव रुसला तो आलाच नाही. दाणे टाकायला मिळत नाहीत म्हटल्यावर पोरं फिरकेनात, पोरं नाहीत म्हणून त्यांच्या आयाही नाहीत. पडदा हलायचा, कडूबाई लगबगीनं उठायच्या, आणि तो वारा असायचा. वांगं मात्र झाडांतून मजेत हिंडू लागलं. मला आनंद झाला आणि फार वाईटही वाटलं.

दिवाळीला दिशा आली. वांग्याला पाहून तिनं टाळ्या पिटल्या. मग तिचं लक्ष बाकीच्या रिकाम्या पाण्याकडे गेलं. कडूबाईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. दिशानं घरभर नजर फिरवली. स्वयंपाकघरात एकच ताट उपडं घातलेलं होतं.

"आणि तू गं, आत्या? तू जेवतेस का वेळेवर?"

 कडूबाई पदरानं माझी काच पुसू लागल्या. काच स्वच्छच होती.

दिशा आता परत पुण्याला गेली आहे. मित्रांनो, कधी आमच्या गावी आलात तर जरूर आत या. माझ्या वांग्यासाठी काही आणू नका, त्याचं सकाळीच झालेलं असतं. पण पडद्याआड एक बाई बसलेली असेल. तिला सल्ला देऊ नका. तिला फक्त विचारा, जेवलात का?