हिरव्या घरातली कमळाबाई

मुरबाडजवळ लोखंड वितळवणाऱ्या एका कारखान्याच्या भिंतीला लागून भेंडीचे मळे आहेत. कमळाबाई तिथे मजुरीला जायची. घर मात्र लांब, सिद्धगडाच्या पायथ्याला. सकाळी जीपने यायची, अंधार पडल्यावर परत. खोकला इतका वाढला होता की बोलताना वाक्य मध्येच तुटायचं.

तिची भाची श्वेता धुराच्या सर्वेक्षणात कामाला होती. घरोघर जाऊन माणसांना यंत्रात फुंकर मारायला लावायची, दम किती उरलाय ते टिपायची.

निष्कर्ष सांगायला सर्वेक्षणाचे मोठे डॉक्टर ग्रामपंचायतीत आले. पडद्यावर नकाशा होता. कारखान्याजवळची घरं लाल, लांबची हिरवी.

"हिरव्या घरांतही खोकला तेवढाच आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे खोकल्याचा कारखान्याशी संबंध दिसत नाही."

पुढच्या खुर्चीवर कारखान्याचा मॅनेजर खुशीत मान हलवत होता. ते बघून श्वेता उठलीच.

"सर, कोणाला किती धूर लागतो, ते कशावरून धरलंत?"

"घराच्या अंतरावरून."

"माझी आत्या तुमच्या हिरव्या घरात फक्त झोपते. दिवसभर चिमणीखाली भेंडी तोडते. वाडीतल्या निम्म्या बायका तेच करतात. दिवसा कुठे असता, हा प्रश्न घाला म्हणून मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, प्रश्न ठरलेत, आता बदलता येणार नाही!"

"मोजमापात थोडी चूक राहतेच. तेवढी मान्य असते."

"कोनाला मान्य?" मागून कमळाबाई ओरडली. खोकल्याने तिला वाकवलं, पण ती खाली बसली नाही. "आमी दिस कुटं काढतो येवढं इचारायला तोंड दुखत होतं काय रे तुमचं?"

बायका दारात जाऊन उभ्या राहिल्या. चूक कबूल केल्याशिवाय कोणालाच सोडेनात. शेवटी डॉक्टरांनी माइक हातात घेतला आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "या मोजणीवरून कारखाना निर्दोष ठरत नाही." मॅनेजर फोन कानाला लावून बायकांमधून वाट काढत निघून गेला.

पुढे बायकांच्या पदराला धूर मोजणारी छोटी यंत्रं लावून पुन्हा मोजणी झाली. हिरव्या घरांतल्या बायकांचे आकडे लाल घरांच्याही वर गेले. मग कारखान्याला नोटीस निघाली.

श्वेता सांगायला गेली तेव्हा कमळाबाई ओट्यावर टेकून बसली होती. खोकल्यापायी मळ्याचं काम सुटलं होतं.

"नोटीस गेली म्हनतेस. आन् धूर गो?"

"चालूच आहे, आत्या."

कमळाबाईने कारखान्याच्या नावाने एक सणसणीत शिवी हासडली. श्वेताने तिला गप्प केलं नाही. तिने स्वतः दुसरी दिली.